सात जणांचा वर्ग, तीन गावांची माती

विश्रामबाग

आमच्या वर्गात आम्ही सात जण होतो आणि पुस्तक एकही नव्हतं. सांगलीला, विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजनं बी.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र हा मुख्य विषय सुरू केला, तेव्हा आसपास कुठं असा वर्ग असल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. विद्यापीठानं परवानगी दिली तीही एकाच तुकडीपुरती. ही मुलं काय शिकतात ते बघू, मग पुढचं ठरवू, असा त्या पत्राचा मतलब होता.

इनामदार सर मूळचे वनस्पतिशास्त्राचे. मातीचं रसायन ते स्वतः आदल्या दिवशी शिकायचे आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला शिकवायचे. हे ते लपवत नसत. टिपणं सायक्लोस्टाइल करून आणायचे, तेव्हा शाई इतकी ओली असायची की तास संपेपर्यंत सातही जणांची बोटं निळी. कॉलेजातली बाकीची मुलं आम्हाला 'हवापाणी' म्हणायची. "काय हवापाणी, आज कुठं निघाली वरात?" असं कुणी विचारलं की मला राग यायचा. बिरू मात्र हसून सांगायचा, "तुझ्या गटारीचं पाणी बघायला, गड्या."

बिरू म्हसवडकडचा. मेंढपाळांच्या घरातला, घरात कॉलेजात आलेला पहिलाच. नसीम मिरजेची, वर्गातली माझ्याखेरीज दुसरी मुलगी. आणि मी शालन, इस्लामपूरच्या अलीकडच्या एका कृष्णाकाठच्या गावची. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, लष्करातून सुभेदार होऊन परत आले आणि नदीवरून पाणी उपसून गावाच्या रानात आणायची सोसायटी त्यांनी उभी केली. गावात ऊस आला तो आबांच्या पाटाच्या पाण्यानं. मी काय शिकते असं कुणी विचारलं तर आबा सांगायचे, "सायन्सला हाय," आणि विषय बदलायचे. पर्यावरण हा शब्द त्यांच्या तोंडी बसत नव्हता.

१९७८च्या जानेवारीत आम्ही सहा दिवसांच्या दौऱ्यावर निघालो. ऑफिसातल्या क्लार्कनं अर्जावर 'सहल' असं लिहिलं होतं. सरांनी ते खोडून 'क्षेत्र-अभ्यास' केलं आणि खाली सही केली. तीन ठिकाणं ठरली होती. आधी म्हसवडचं कोरडं माळरान, मग सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या डोंगरउतारावरची कुरणं, आणि शेवटी माझ्या गावचा उसाचा पट्टा. तिन्ही ठिकाणी एकाच पद्धतीनं माती, पाणी आणि गवत तपासायचं आणि त्याचा अहवाल विद्यापीठाला द्यायचा.

सामान थोडकंच होतं. मातीतले क्षार मोजायचं यंत्र दुसऱ्या कॉलेजातून मागून आणलेलं, म्हणून नसीमनं ते घोंगडीत गुंडाळून सबंध प्रवासभर मांडीवर धरलं. यंत्राला लागणाऱ्या शुद्ध पाण्याचा एक कॅन. आणि गवत मोजायला एक मीटरची लाकडी चौकट, जी बिरूनं गळ्यात अडकवली होती. विट्याच्या गाडीत कंडक्टरनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"ही खिडकी कुठं बसवणार?" त्यानं विचारलं.

"रानात," बिरू म्हणाला.

म्हसवड

विटा मागं पडलं तसा ऊस संपला. मग शाळू आला, मग शाळूही विरळ झाला आणि दोन्ही बाजूंना नुसते दगड आणि पिवळं गवत. मी जन्मापासून हिरव्या रानात वाढले. इतकं आभाळ एका वेळी मी कधी पाहिलं नव्हतं. माणगंगेच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा मी नदी बघायला मान बाहेर काढली, तर खाली वाळू होती आणि वाळूत खड्डा करून दोन बायका वाटीवाटीनं पाणी घागरीत भरत होत्या.

सिद्धनाथाचं दर्शन घेऊन आम्ही बिरूच्या वस्तीवर गेलो. बिरूचे वडील आणि चुलते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरले होते. घरात होती त्याची चुलती हौसाकाकू, काही लंगडी मेंढरं आणि कोकरं. पाहुणे आले म्हणून काकूनं पाय धुवायला पाणी आणलं ते एका तांब्यात, आठ जणांना मिळून. आमच्याकडं पाहुण्याच्या पायावर अख्खी बादली ओततात. मी सवयीनं निम्मा तांब्या संपवला, मग मागच्यांकडं बघितलं आणि फार लाजले. आमच्या पायांखाली काकूनं परात ठेवली होती. परातीतलं पाणी तिनं उचलून दारातल्या शेवग्याच्या बुडात ओतलं.

दोन दिवस आम्ही माळावर चौकट टाकत फिरलो. चौकटीत किती जातींचं गवत आहे, कुठलं किती, माती किती उघडी पडली आहे, हे लिहायचं. सरांनी लॅटिन नावांची यादी दिली होती, पण जानेवारीतल्या वाळक्या काड्यांवरून नाव ठरवणं आम्हाला जमेना. सरही दोनतीनदा अडले. काकू मेंढरं घेऊन मागं मागं येत होती. शेवटी ती चौकटीजवळ बसली आणि एकेक काडी मोडून सांगायला लागली.

"ही कुसळी. ही मेंढरू कवळी हाय तवर खातंय, मग तोंडाला टोचती. हा पवना. ही मारवेल, ही जिथं दिसंल तिथं समजायचं, ह्या साली इथं कुणी जास्त चारलं न्हाई."

सर खाली मातीत बसले. "काकू, सावकाश सांगा. मी लिहून घेतो."

"आवं मास्तर, तुमी मास्तर आणि मी सांगू?"

"इथं तुम्ही मास्तर," सर म्हणाले आणि त्यांनी खरंच वही उघडली.

बिरू तोवर गप्प होता. वर्गात तो गवताची स्थानिक नावं कधी सांगत नसे. ती नावं म्हणजे अडाणीपणा असं त्याला वाटायचं, हे त्यानंच मला नंतर सांगितलं. त्या दुपारी तो काकूच्या शेजारी बसला आणि तिच्या प्रत्येक नावापुढं सरांच्या यादीतलं नाव जुळवत गेला. काकूची नावं संपली तेव्हा आमच्या यादीतल्या दोन चुका निघाल्या होत्या. काकूची चूक एकही नव्हती. बिरूच्या तोंडावर त्या वेळी जे होतं ते मी आधी वर्गात कधी पाहिलं नव्हतं.

आमची फजिती झाली ती संध्याकाळच्या जेवणाला. काकूनं बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण केलं होतं. हुलगे लोण्यासारखे मऊ शिजले होते. काकू खुशीत होती.

"पोरींनो, तुमच्या डब्यातलं पाणी कुठल्या हिरीचं गं? आमच्या पाण्यात हुलगं दोन दोन घंटं शिजत न्हाईत. ह्यात लगीच शिजलं."

नसीमनं कॅनकडं धाव घेतली. तळाला दोन बोटं पाणी उरलं होतं. सरांनी घास गिळला आणि शांतपणे विचारलं, "आणखी वाढता का थोडं?" मग त्यांनी तिथंच आम्हाला जड पाणी आणि मऊ पाणी समजावून सांगितलं. तो धडा मी परीक्षेतसुद्धा हुलगे डोळ्यांसमोर आणून लिहिला.

निघायच्या दिवशी सकाळी काकू मला माझं गाव विचारत होती. मी सांगितलं.

"ठावं हाय की," ती म्हणाली. "तुमच्याकडं आमी मेंढरं बसवायला यायचो. रानाला खत हुतं आणि आमाला दाणं मिळायचं. लय मोठ्या मनाची माणसं. पर खालच्या अंगाच्या रानात आता बसवत न्हाई."

"का?"

"वल हाय तिथं बारा महिनं. मेंढराच्या खुरात सडतंय. आणि वरनं पांढरं फुटतंय, मिठावानी. सुभेदाराचं एक रान हाय वड्याच्या अंगाला. तिथं तर मेंढरू बसतच न्हाई, उठून उभं ऱ्हातंय."

बिरूनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला माहीत होतं. लहानपणी तो त्या मेंढरांबरोबर आमच्या गावी येऊन गेला होता. सुभेदार माझे वडील आहेत हे काकूला मी सांगितलं नाही.

खंडाळा

फलटणच्या एस.टी. डेपोत सरांनी पाण्याची सोय केली. गाड्यांच्या बॅटरीत घालायला डेपोत शुद्ध पाणी असतं. तिथल्या मेकॅनिकनं विचारलं, "गाडी कुठली तुमची?" सरांनी यंत्र दाखवलं, आमचा वर्ग दाखवला आणि पाच मिनिटांत विषयही समजावून सांगितला. मेकॅनिक चांगला माणूस. त्यानं कॅन भरून दिला आणि म्हणाला, "माझी बहीण अकरावीला आहे. मुलींना घेता का ह्यात?" नसीम आणि मी दोघींनी एकदमच होय म्हटलं.

खंडाळ्याच्या वर डोंगरउतारावर दुष्काळात रोजगार म्हणून आडवे चर खणलेले आहेत. पावसाचं पाणी पळून जाऊ नये, चरात थांबून मुरावं, म्हणून ते खणले. आमची चौकट चरांच्या पट्ट्यात आणि चर नसलेल्या उतारावर अशी दोन्हीकडं टाकायची होती. फरक मोजायच्या आधीच डोळ्यांना दिसत होता. चरांच्या काठानं गुडघाभर गवत होतं, बाकी उतार खरवडल्यासारखा.

गवताचे भारे घेऊन उतरणारी एक बाई आमचं काम बघत थांबली.

"काय मोजताय?"

नसीमनं सांगितलं, "या चरांमुळं गवत किती वाढलं ते."

बाईनं भारा खाली ठेवला. "हे दोन चर माझ्या हातचं हाईत. पोटात पोर हुतं तवा खणल्यात." आणि ती चराच्या कडेनं चालत गेली, कुठं खडक लागला, कुठं पहार वाकली, ते दाखवत. "तवा वाटायचं, सरकार नुसतं खड्डं खणून घेतंय. लिवा, माझं नाव लिवा," ती म्हणाली. नसीमनं तिचं नाव निरीक्षणाच्या वहीत, त्या चराच्या आकड्यांशेजारी लिहिलं. ते नाव आमच्या अहवालात छापून आलं आहे.

दुपारी सर पोस्टातून कॉलेजला ट्रंककॉल करून आले. आम्ही खाणावळीत पिठलं-भाकरी खात होतो. सर बसले, पण त्यांनी भाकरी मोडली नाही.

"विद्यापीठाच्या समितीतले एक प्राध्यापक परवा शालनच्या गावी येताहेत," ते म्हणाले. "त्यांना काम जागेवर बघायचं आहे. तिथंच ते मत ठरवतील. पुढच्या जूनपासून वर्ग राहील की नाही, ते आता त्यांच्या हातात."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. गाव माझं, शेतांची यादी मी केलेली, तेव्हा वाचायचं मीच, हे कुणी न सांगता ठरलं.

साताऱ्याच्या गाडीत मी ती यादी काढली. बारा शेतं होती. सातव्या क्रमांकावर आमचं ओढ्याकडचं रान होतं. मी पेन्सिलीनं त्याच्यावर रेघ मारली. आबांनी अठरा वर्षं लष्करात काढली आणि परत येऊन एकच गोष्ट केली, गावाला पाणी दिलं. त्या पाण्यानंच रान नासलं असं मी, त्यांच्याच पैशानं शिकून, चारचौघांत वाचणार होते काय? आबा म्हणायचे, खालची जमीन म्हातारी झाली. मीही तसंच मानून गप्प बसले असते.

नसीमनं रेघ पाहिली. "अकरा शेतं पुरतील?" तिनं विचारलं.

"पुरतील."

तिनं मांडीवरचं यंत्र सावरलं. मग म्हणाली, "त्या बाईनं नाव लिहून घेतलं गं आपल्याकडून."

मी यादी घडी घालून वहीत ठेवली.

घर

आबा पेठ नाक्यावर दोन बैलगाड्या घेऊन स्वतः उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मिशा पिळलेल्या. त्यांनी सरांशी हस्तांदोलन केलं आणि सातही जणांची नावं विचारून घेतली. आईनं बिरूच्या हातून चौकट घेऊन देवघराशेजारी ठेवली. जेवायला तांबडा रस्सा होता, सरांसाठी वेगळी आमटी, आणि प्यायला प्रत्येकाच्या ताटाशी भरलेला तांब्या. अंगणात नळाचं पाणी चालू होतं. बिरू उठला, नळ बंद केला आणि परत येऊन बसला. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की, पाणी काय कमी हाय का."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही रानात होतो. मातीचा नमुना घ्यायचा, बाटलीत शुद्ध पाण्याबरोबर हलवायचा, गाळ बसला की यंत्राचा काटा बघायचा. शिवाय प्रत्येक शेतात हातभर रुंद खड्डा घेऊन पाणी किती खोल लागतं ते बघायचं. वरच्या अंगाची शेतं छान होती. आबा प्रत्येक ठिकाणी मागं हात बांधून उभे राहायचे आणि काटा बघायचे. लष्करातल्या तपासणीच्या वेळी उभं राहावं तसे. अकरावं शेत झालं तेव्हा मी वही मिटली.

"झालं?" आबांनी विचारलं.

"झालं आबा."

"आणि वड्याकडचं आपलं रान? ते न्हाई बघायचं?"

मी सरांकडं पाहिलं. आबा वाट न बघता पुढं चालायला लागले. आम्ही मागून.

ते रान मी दिवाळीत लांबून पाहिलं होतं. आता जवळून बघितलं. ऊस गुडघ्याएवढा, पानं करपलेली, आणि सरीच्या वरंब्यावर पांढरा थर, चुना भुरभुरल्यासारखा. बिरूनं खड्डा घ्यायला सुरुवात केली. कमरेएवढा खणला नसेल, तोच तळातून पाणी पाझरायला लागलं. कुणी ओतलं नव्हतं. बघता बघता ते घोट्याएवढं झालं. बिरू खड्ड्यात उभा राहून त्या पाण्याकडं बघत राहिला. त्याच्या गावी बायका याच पाण्यासाठी वाळू उकरत होत्या.

नसीमनं नमुना तयार केला. यंत्राचा काटा उजवीकडं जाऊन टेकला आणि तिथंच राहिला.

"काय म्हणतंय?" आबांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. मग सांगितलं की हे मीठ आहे, जमिनीच्या पोटातलं. पाणी जास्त झालं, निचरा नाही, म्हणून खालचं पाणी वर आलं आणि येताना मीठ घेऊन आलं. ऊन पाणी उडवून नेतं, मीठ इथंच राहतं. वरच्या रानांत सोडलेलं जादा पाणीही उतरून इथंच येतं. हे मी वर्गात दहा वेळा लिहिलं होतं. तोंडानं सांगताना मात्र मी आबांऐवजी काट्याकडं बघत होते.

आबांनी विचारलं, "पाळी किती दिसांनी द्यायला पायजे हुती?"

"आपण देतो त्याच्या दुप्पट दिवसांनी, आबा. आणि जादा पाणी बाहेर काढायला चर."

त्यांनी मान हलवली आणि एकटेच बांधावरून घराकडं निघाले. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना सरांशी बोलले, बिरूशी त्याच्या मेंढरांविषयी बोलले, नसीमला आणखी वाढायला आईला सांगितलं. माझ्याशी नाही.

शाळेच्या ओट्यावर

विद्यापीठाचे प्राध्यापक सकाळी आले. वयस्क, बारीक, बोलणं मोजकं. शाळेच्या ओट्यावर त्यांना खुर्ची मांडली होती. समोर सोसायटीचे सभासद, काही बायका, मागं शाळेची मुलं. पुढच्या रांगेत तुकातात्या. त्यांचं शेत आमच्या रानाच्या आणि ओढ्याच्या मध्ये आहे, आणि आबांचं आणि त्यांचं पाण्याच्या पाळीवरून कायम वाजायचं.

बिरूनं म्हसवडचं गवत सांगितलं. दोन्ही नावं सांगितली, लॅटिन आणि काकूचं, आणि काकूनं आमच्या दोन चुका काढल्या तेही सांगितलं. प्राध्यापकांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. नसीमनं खंडाळ्याचे चर सांगितले. मग मी उठले.

आदल्या दिवशी मी आकडे साफ लिहून काढले होते. बाराही. रेघ मी खोडून टाकली होती, पण नावं लिहिली नव्हती, नुसते क्रमांक. सहा क्रमांक सुरळीत वाचले. सातव्याला म्हणाले, "शेत क्रमांक सात. क्षार अतिशय जास्त. कमरेएवढं खणायच्या आतच पाणी लागतं. हे शेत याच पद्धतीनं चाललं तर दोन-तीन वर्षांत पीक देणार नाही."

"कुणाचं हाय ते?" मागून आवाज आला.

मी थांबले. आबा भिंतीशी उभे होते. ते पुढं आले.

"शालन," ते म्हणाले, "रिपोर्टात नाव असतंय. नावाबिगर रिपोर्ट आमी कवा घेतला न्हाई. वाच."

मी आबांचं पूर्ण नाव वाचलं, हुद्द्यासकट.

तुकातात्या हसले. "बघा सुभेदार, पोरगी शिकवली, तिनं बापालाच उघडं पाडलं."

"तात्या," आबा म्हणाले, "चौकीवर पोरगं ठेवलं आणि त्यानं सांगितलं की आपल्या बाजूनं भगदाड हाय, तर त्याला शाबासकी द्यायची का शिव्या?" मग ते माझ्याकडं वळले. "उपाय सांग. नुसतं भगदाड सांगून न्हाई भागत."

मी सांगितलं. पाण्याच्या पाळ्या कमी. एक हंगाम ऊस काढून हिरवळीचं खत, म्हणजे धैंचा पेरून तो मातीतच गाडायचा. आणि मुख्य म्हणजे खोल चर, ओढ्यापर्यंत, मीठ धुऊन बाहेर काढायला. तो चर तात्यांच्या शेतातून जाणार हे सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि ओट्यावर एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणे पाणी कमी केलं तर उसाचा उतारा घटंल, कुणी म्हणे माझ्याही रानात पांढरं दिसतंय, कधी येता तपासायला. तीन माणसं आपापल्या शेताची माती धोतराच्या सोग्यात घेऊन आली. नसीमनं यंत्र तिथंच मांडलं.

प्राध्यापकांनी हात वर केला तेव्हा सगळे गप्प झाले.

"मला एकच शंका आहे," ते म्हणाले. "क्षार म्हणजे रसायनशास्त्र झालं, गवत वनस्पतिशास्त्र झालं, चर हे इंजिनिअरांचं काम, पाळ्या शेतकी खात्याच्या. मग तुमचा विषय नक्की कोणता?"

सरांनी तोंड उघडलं, पण बिरू आधी बोलला. घाईत त्याच्या तोंडी घरचीच बोली आली. "सर, ते रान नासताना कुणाला विषय विचारून नासलं न्हाई. सगळ्यांनी आपापलं बघितलं, म्हणूनच ते न्हाई दिसलं. काकूच्या मेंढरांना दिसलं, कारण ती तिथं बसायला जात हुती."

प्राध्यापक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि मग म्हणाले, "मला ते सातवं शेत दाखवा."

बूट काढून, पँट दुमडून ते चिखलात उतरले. आबा त्यांच्या बरोबर उतरले आणि कुठून कुठवर मीठ पसरलंय ते बोट करून दाखवत राहिले, एकेक वाफा. आबांनी पाण्याची मोटार पहिल्यांदा सुरू केली त्या दिवशी मी लहान होते. सगळं गाव वाजत गाजत नदीवर गेलं होतं आणि आबा पुढं चालत होते. मला तेव्हा बापाचा अभिमान वाटला होता. त्या चिखलात उभ्या असलेल्या आबांचा त्याहून जास्त वाटला.

विद्यापीठाचं पत्र मार्चमध्ये आलं. विषय कायम झाला. सरांनी पत्र वर्गात वाचून दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि लगेच फळ्याकडं वळून नेहमीसारखा तास घेतला. पाठमोरे असताना त्यांनी चष्मा पुसला, ते आम्ही सातही जणांनी पाहिलं. जूनमध्ये नव्या वर्गाला अठ्ठावीस अर्ज आले. ऑफिसातल्या क्लार्कनं फॉर्मसाठी विषयाच्या नावाचा शिक्का करून घेतला आहे. मी आता त्याच विषयात पुढं शिकते आहे. बिरू गावाकडच्या माळावर गवताचं काम करतो आणि अधूनमधून काकूचा निरोप पाठवतो. नसीम मिरजेत शिकवते.

पण पत्र यायच्या आधीची गोष्ट सांगायची राहिली. आम्ही परतलो त्यानंतर महिन्याभरानं मी रविवारी घरी गेले. आई म्हणाली, आबा रानात. मी ओढ्याकडच्या रानात गेले तर मध्यभागी पुरुषभर खोल चर खणलेला, सरळ, दोरी लावून आखलेला. तो आमच्या बांधाशी थांबत नव्हता. तुकातात्यांच्या शेतातून थेट ओढ्यापर्यंत गेला होता. तात्या स्वतः खोरं घेऊन तोंडाशी उभे होते. मला बघून म्हणाले, "ये, मास्तरीण. माझंबी रान तपासून झालं बरं का. माझाबी नंबर सातच लागला."

मग त्यांनी तोंडावरचा शेवटचा मातीचा बांध फोडला. चरात साठलेलं पाणी आधी सावकाश आणि मग धारेनं ओढ्याकडं निघालं. गढूळ, पिवळसर. यंत्र तर कॉलेजात होतं. आबा उकिडवे बसले, त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट हाय," ते म्हणाले. मग बाजूला सरकून त्यांनी मला बसायला जागा केली. "लय खारट हाय. निघालंय, पोरी."